एका दिवसाची सहल : बाळापूर

देशाटन हें शिक्षणाचें एक मोठें अंग आहे, ही गोष्ट आजवर अनेकांनीं सांगितली आहे व ती कोणी नाकारील असें वाटत नाहीं. परंतु देशाटन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें आग्ऱ्याचा ताजमहाल, दिल्लीचा लाल किल्ला, वेरूळ, अजिंठा अशीं दूरदूरचीं स्थळेंच उभीं राहतात. तीं पाहण्यास पैसा लागतो, लांब सुटी लागते, आणि पुष्कळ मुलांच्या वांट्यास शाळा सुटेपर्यंत तीं येतही नाहींत. यामुळें वऱ्हाडांतील मुलाची नकळत अशी समजूत होऊन बसते कीं, इतिहास म्हणून जें कांहीं घडलें तें दुसरीकडे कोठें तरी घडलें. आपल्याकडे फक्त कापूस पिकला. ही समजूत खरी नाहीं. ती दूर करण्यास एक दिवस, एक शिदोरी आणि थोडें चालणें एवढें पुरेसें आहे, हें दाखवावें या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

अकोल्याच्या पश्चिमेस सुमारें २६ किलोमीटरांवर बाळापूर हें तालुक्याचें गांव आहे. धुळ्याकडून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग त्याच्या अंगावरून जातो. खामगांवास किंवा शेगांवास जाणारीं हजारों माणसें वर्षभर या वाटेनें जातात येतात. त्यांतील किती जण गाडी थांबवून उतरतात, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें. ज्या गांवाचें नांव अकबराच्या दरबारांत ठाऊक होतें, ज्याच्या परिसरांत झालेल्या लढाईनें दक्षिणेचें दीडदोनशें वर्षांचें भवितव्य ठरविण्यास हातभार लावला, तें आज आपल्याला केवळ मोटारीचा वेग कमी करण्याचें ठिकाण वाटतें!

जावें कसें व केव्हां

अकोल्याहून बाळापुरास एस. टी. च्या गाड्या जातात. आगगाडीनें जाणाऱ्यास पारस हें स्टेशन जवळ. तेथून बाळापूर सुमारें १० किलोमीटर. पारसच्या वीजनिर्मिती केंद्राचीं उंच धुराडीं दुरूनच दिसतात, त्यामुळें दिशा चुकण्याची भीति नाहीं.

सहलीस उत्तम काळ दिवाळीनंतरचा. पाऊस सरलेला असतो, नद्यांत थोडें पाणी असतें, शेतांत कपाशीचीं बोंडें फुटलेलीं असतात, व ऊन पाठीस सोसवेल इतकेंच असतें. वैशाखांत जाण्याचें धाडस करूं नये. वऱ्हाडचें ऊन इतिहासाचा मान राखीत नाहीं. बरोबर पाण्याची बाटली, भाकरी, झुणका व ठेचा, आणि एक वही व पेन्सिल घ्यावी. वही विशेष महत्त्वाची आहे. सोबतच्या फिरत्या यंत्रांत छायाचित्रें शेंकड्यांनीं निघतात; परंतु जें आपण हातानें काढतों, मग तें चित्र कितीही वांकडें येवो, तेंच आपण खरोखर पाहिलेलें असतें.

आणि घाई करूं नये. सकाळीं आठ वाजतां निघून दिवे लागण्याच्या वेळीं घरीं यावें, व मधला सर्व वेळ या एकाच गांवास द्यावा. एका दिवसांत पांच स्थळें उरकणाऱ्यास पांचही स्थळें दिसत नाहींत.

दोन नद्या

गांवांत पोंचल्यावर प्रथम किल्ल्याकडे धांवत न जातां नदीकडे जावें; कारण किल्ला येथें कां आहे याचें उत्तर नदीपाशींच मिळतें. मन व म्हैस या दोन नद्यांचा येथें संगम आहे. दोन्ही दक्षिणेकडील उंच प्रदेशांतून उतरतात व उत्तरेस पूर्णेकडे वाहत जातात. पूर्णा पुढें चांगदेव येथें तापीस मिळते, व तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. म्हणजे वऱ्हाडांत पडलेला पाऊस पूर्वेच्या समुद्रास न जातां पश्चिमेच्या समुद्रास जातो. नकाशावर बोट फिरवून हा मार्ग एकदां पाहावा.

उत्तरेस गाविलगडचे डोंगर व दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधील या सपाट मुलखास जुन्या कागदपत्रांत पायनघाट म्हटलें आहे. पूर्णेच्या खोऱ्यांत मैलच्या मैल काळी माती आहे. ती कापसास जितकी उदार, तितकीच तहानलेल्यास कृपण. कारण या खोऱ्याचा मोठा पट्टा खारपाणाचा आहे. विहीर खणावी तों खारें पाणी लागावें, असा अनुभव अकोला, अमरावती व बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतील कित्येक गांवांना पिढ्यानपिढ्या आलेला आहे. अशा प्रदेशांत दोन नद्यांचा संगम व त्यांच्यामध्यें उंचवट्याची जागा म्हणजे राजांच्या व सेनापतींच्या दृष्टीनें मोठेंच वैभव होय. पाणी जवळ, शत्रु दूर, आणि बऱ्हाणपुराकडून वऱ्हाडांत येणारा रस्ता नजरेखालीं. हें सारें ध्यानांत आलें म्हणजे येथें किल्ला बांधणाऱ्याचें मन आपल्याला कळूं लागतें.

किल्ल्याच्या पायथ्याशीं बाळादेवीचें मंदिर आहे, व गांवास बाळापूर हें नांव तिच्यावरून पडलें असें मानतात. किल्ल्याहून गांव जुनें आणि गांवाहून नदी जुनी, हा क्रम विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

विटांचा किल्ला

वऱ्हाडांतील किल्ले म्हटले कीं नरनाळा व गाविलगड आठवतात. ते डोंगरी किल्ले. तेथें अर्धी तटबंदी निसर्गानें उभी केली आहे. बाळापूरचा किल्ला भुईकोट आहे, व त्याचें विशेष हें कीं तो मुख्यत्वें विटांचा आहे. याचें कारण मघां नदीकाठीं पाहिलेंच. जेथें खोल गाळाची जमीन आहे तेथें चांगला दगड दुरून आणावा लागतो. परंतु विटेची माती पायाखालींच असते, आणि चुन्यासाठीं चुनखडीही अशा जमिनींत सांपडते. थोर कारागीर तो नव्हे, जो हातांत नसलेल्या वस्तूसाठीं रडत बसतो. जी हातांत आहे तिच्यांतून जो उत्तम तें काढतो तोच थोर कारागीर. या किल्ल्याच्या भिंतींतील विटेचें काम त्या काळच्या उत्तम कामांत गणलें जातें.

किल्ल्याची आकृति लक्षपूर्वक पाहावी. आंतला कोट पंचकोनी असून त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर बुरूज आहे. त्याभोंवतीं बाहेरचा कोट आहे. तो आंतल्याहून ठेंगणा व दशकोनी आहे, व त्याच्याही कोपऱ्यांवर बुरूज आहेत. बाहेरचा कोट ठेंगणा कां, असा प्रश्न मुलांनीं विचारावा. उत्तर असें कीं, बाहेरचे सैनिक लढत असतां आंतल्या उंच तटावरील सैनिकांना त्यांच्या डोक्यांवरून मारा करतां यावा. शत्रूनें बाहेरचा कोट घेतला तरी तो आंतल्या कोटाच्या बंदुकांखालींच सांपडतो.

बुरुजांचें प्रयोजनही असेंच आहे. सरळ भिंतीच्या अगदीं तळाशीं जो शत्रु येऊन बिलगतो त्यास वरून मारतां येत नाहीं. वांकून पाहणाराच मारला जातो. परंतु कोपऱ्यावरील बुरूज पुढें आलेला असल्यामुळें दोन बुरुजांवरून मधल्या भिंतीचा तळ दोन्ही बाजूंनीं माऱ्यांत घेतां येतो. भूमितीच्या तासास पंचकोन काढतांना ‘याचा उपयोग काय?’ असें जे विद्यार्थी मनांत म्हणतात, त्यांनीं हा किल्ला अवश्य पाहावा. सोळाव्या शतकांत युरोपांत ट्यूरिन व अँटवर्प या नगरांत जे बालेकिल्ले बांधले गेले तेही पंचकोनी होते. तोफेनें एकच प्रश्न सर्वत्र विचारला, आणि निरनिराळ्या देशांतील गवंड्यांनीं आपापल्या मातीदगडांत त्याचें उत्तर दिलें.

आंत जाण्यास एकामागून एक असे तीन दरवाजे ओलांडावे लागतात. एक दरवाजा फुटला म्हणजे किल्ला पडला असें होऊं नये, यासाठीं ही योजना. पहिल्या दरवाजांतून आंत घुसलेल्या शत्रूस पुढें दुसरा बंद दरवाजा, आणि भोंवतीं व डोक्यावर तटावरचे शिपाई! दरवाजांत क्षणभर उभें राहून वर पाहिलें म्हणजे ही गोष्ट कोणत्याही पुस्तकापेक्षां अधिक चांगली समजते. आंत विहिरी आहेत व एक मशीदही आहे. वेढा पडल्यावर किल्ला भिंतींच्या बळावर जितका टिकतो तितकाच पाण्याच्या बळावर टिकतो, हें खारपाणाच्या प्रदेशांतील मुलांना सांगावयास नकोच.

एक साल, एक शंका

या किल्ल्याविषयीं जें ठिकठिकाणीं छापलेलें आढळतें तें असें : औरंगजेब बादशहाचा पुत्र आझमशहा यानें तो बांधावयास घेतला, बांधकामाचा आरंभ इ. स. १७२१ मध्यें झाला, आणि अचलपूरचा नवाब इस्माईल खान यानें १७५७ मध्यें तें काम पुरें केलें. मुलें हें वाक्य वहींत उतरवून घेतात व पुढें चालूं लागतात. परंतु जरा थांबावें. आझमशहा कधीं वारला? औरंगजेब १७०७ च्या फेब्रुवारींत अहमदनगरास वारला. त्यानंतर मुलांमध्यें राज्यासाठीं युद्ध जुंपलें, व त्याच वर्षाच्या जून महिन्यांत आग्ऱ्याजवळ जाजऊ येथील लढाईंत आझमशहा मारला गेला. मग १७०७ मध्यें मेलेल्या राजपुत्रानें १७२१ मध्यें किल्ला कसा बांधावयास घेतला?

येथें कोणास हंसावयाचें नाहीं. पुस्तक लिहिणारे व फलक रंगविणारे हीं आपल्यासारखींच माणसें असतात. शिकावयाचें तें एवढेंच कीं, एका वाक्यांतील दोन गोष्टी एकमेकींशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहण्याचा अधिकार सातवींतल्या मुलासही आहे. किल्ल्याचा आरंभ आझमशहानें केला असेल, तर तो १७०७ पूर्वींचा असला पाहिजे. आणि १७२१ हें साल खरें असेल, तर आरंभ करणारा दुसरा कोणी असला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होऊं शकत नाहींत. इतिहासाचा अभ्यास म्हणजे सालांची घोकंपट्टी अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांना सालाचा खरा उपयोग येथें दिसेल. साल हें तराजूंतील वजनाप्रमाणें आहे. त्यानें सांगितलेली गोष्ट तोलून पाहतां येते.

किल्ला पुरा झाल्याचें १७५७ हें सालही ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्याच वर्षीं बंगालमध्यें प्लासीची लढाई झाली. म्हणजे जेव्हां बाळापूरच्या तटावर शेवटच्या विटा बसत होत्या, तेव्हां हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोंकास एक व्यापारी कंपनी राज्यकर्ती होऊं लागली होती. पुढें शतकभराच्या आंत, १८५३ मध्यें, वऱ्हाड त्याच कंपनीच्या कारभाराखालीं गेला.

सतराशें वीसचा पावसाळा

दुपारीं झाडाच्या सावलींत शिदोरी सोडावी, आणि जेवण झाल्यावर थोरांनीं मुलांना पुढील गोष्ट सांगावी.

वऱ्हाड मोंगलांच्या हातीं आला तो १५९६ मध्यें. अहमदनगरच्या निजामशाहीस तो त्या सालीं सोडून द्यावा लागला. अकबराचा पुत्र मुराद याच्याकडे दक्षिणेचें काम होतें. त्यानें आपली छावणी बाळापुराजवळ ठेवली व तेथें शाहपूर नांवाची वस्ती केली. तो १५९९ मध्यें तरुणपणींच वारला. तेव्हांपासून मोंगली फौजांच्या येण्याजाण्यांत बाळापुराचें नांव पुनः पुनः येतें.

औरंगजेबानंतर दिल्लीस बादशाही दुबळी झाली, आणि सय्यद बंधु हे दोघे भाऊ बादशहांना गादीवर बसवूं व उतरवूं लागले. माळव्याचा सुभेदार निजामुल्मुल्क यास त्यांचें वर्चस्व मान्य नव्हतें. १७२० मध्यें त्यानें नर्मदा ओलांडली, अशीरगड व बऱ्हाणपूर हस्तगत केलें, आणि खांडव्याच्या बाजूस जून महिन्यांत सय्यदांच्या एका सेनापतीचा पराभव केला. मग औरंगाबादेहून सय्यद हुसेन अलीचा पुतण्या आलम अली खान त्याच्यावर चालून आला. आलम अली वयानें तरुण होता. त्याच्या बाजूस मराठ्यांचें सैन्यही होतें. भर पावसाळा होता. पूर्णेस पूर होता, व काळ्या मातीच्या चिखलांत तोफांचे गाडे रुतत होते. पावसांत ज्यानें आपल्या शेतांतून बैलगाडी काढली आहे, त्यास त्या फौजांचे हाल वेगळे सांगावयास नकोत. अखेर बाळापुराच्या परिसरांत दोन्ही सैन्यांची गांठ पडली. आलम अली रणांत पडला व निजामाचा जय झाला. त्याच वर्षीं हुसेन अलीचाही खून झाला व सय्यदांची सत्ता लयास गेली.

चार वर्षांनीं, १७२४ मध्यें, याच वऱ्हाडांत, बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा येथें निजामानें दुसरी लढाई जिंकली, आणि हैदराबादचें राज्य अस्तित्वांत आलें. तें १९४८ पर्यंत टिकलें. म्हणजे त्या राज्याच्या पायाचे दोन मोठे दगड वऱ्हाडच्या मातींत बसले आहेत.

परंतु या जयाचा अर्थ वऱ्हाडच्या शेतकऱ्यास काय झाला? पुढें कित्येक वर्षें या मुलखांत निजाम व नागपूरकर भोसले या दोघांचाही अंमल चाले, व दोघांचेही कामगार वसुलास येत. कणगी एक आणि मागणारे दोन! ही दुहेरी सत्ता १८०३ मध्यें, आडगांवची लढाई होऊन व गाविलगड पडून भोसल्यांशीं देवगांवचा तह झाला तेव्हां संपली. राजे जिंकले किंवा हरले हें बखरींत लिहिलें जातें. ज्यांच्या शेतांतून फौजा गेल्या त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. तीं माणसें आपलेच पूर्वज होत. किल्ल्याच्या तटावर उभें राहून चोहोंकडे पसरलेलीं शेतें पाहतांना त्यांची आठवण करावी.

गांवांतील फेरी

ऊन उतरूं लागलें म्हणजे गांवांत हिंडावें. जुन्या गल्ल्या, विटांचीं व मातीचीं घरें, बाजार, देवळें व मशिदी यांतून चालतांना एक गोष्ट दिसून येते : हें गांव कोणा एकाचें नव्हे. एकाच किल्ल्याच्या सावलींत बाळादेवीचें देऊळ आहे. गांवांत नक्षबंदी सूफींची जुनी खानका आहे. मराठी, वऱ्हाडी व उर्दू या तिन्ही बोली एका रस्त्यावर कानांवर येतात. आपला धर्म कोणताही असो, देवळांत किंवा खानकेंत शिरतांना तेथील रीतीप्रमाणें पादत्राणें बाहेर काढावीं, आवाज खालीं ठेवावा, व परवानगीवांचून कोणाचें चित्र घेऊं नये. ज्यास दुसऱ्याच्या उंबऱ्याशीं नम्र होतां येत नाहीं, त्यानें प्रवासास निघूं नये हें बरें.

एखाद्या वृद्ध गृहस्थास ‘बाबा, पूर्वी येथें काय होतें?’ असें आदरानें विचारावें. पूर कोणत्या सालीं कोठवर आला, बाजार पूर्वी कोठें भरे, कोणती वेस पडली, हें त्यांच्याजवळ असतें, व तें कोणत्याही पुस्तकांत नसतें. सांगितलेलें सर्व वहींत उतरून घ्यावें. आणि आझमशहाचें साल जसें तोलून पाहिलें, तसें तेंही घरीं गेल्यावर तोलून पाहावें.

नदीकाठची छत्री

दिवसाचा शेवटचा तास छत्रीसाठीं राखून ठेवावा. नदीच्या काठीं, चारी बाजूंनीं मोकळी, दगडी खांबांवर पेललेली ही वास्तु उभी आहे. ती सुमारें २५ फूट चौरस व ३३ फूट उंच आहे. जयपूरच्या घराण्यांतील मिर्झा राजा जयसिंग याच्या नांवाशीं परंपरेनें ती जोडली जाते. नांव ओळखीचें वाटत असेल, तर तें बरोबर आहे. १६६५ च्या जून महिन्यांत शिवाजी महाराजांशीं पुरंदरचा तह करणारा, व ज्याच्या स्वाधीन महाराजांना २३ किल्ले करावे लागले, तोच हा सेनापति. पाठ्यपुस्तकांत भेटलेला मनुष्य आपल्या जिल्ह्यांत नदीकाठीं असा पुनः भेटतो!

छत्री या शब्दाचे दोन अर्थ आहेत. राजपुरुषाच्या दहनस्थानीं बांधलेलें स्मारक ही एक छत्री. आणि विसाव्यासाठीं, शोभेसाठीं बांधलेला घुमटी मंडप ही दुसरी. बाळापूरची छत्री यांपैकीं कोणती? जयसिंग १६६७ च्या ऑगस्टमध्यें बऱ्हाणपूर येथें वारला, आणि त्याच्या नांवाची स्मारक-छत्री बऱ्हाणपुराजवळही आहे. मरण तेथें आल्यावर दहनही तेथेंच होणार. म्हणून बाळापूरची छत्री ही दहनस्थानावरील समाधि नव्हे, असेंच अनुमान निघतें. येथेंही साल व स्थळ यांचाच तराजू आपल्या कामीं आला.

आणखी एक योगायोग पाहावा. बऱ्हाणपूर तापीच्या कांठीं आहे. बाळापुराचें पाणी पूर्णेंत जातें, व पूर्णा चांगदेव येथें तापीस मिळते. म्हणजे या दोन छत्र्यांच्या बाजूनें वाहणारें पाणी अखेर एकत्र होऊन समुद्रास जातें. नदी राज्यांच्या सीमा ओळखीत नाहीं.

संध्याकाळचें ऊन तिरपें होऊन खांबांवर पडतें तेव्हां दगडावरील छिन्नीचें काम स्पष्ट दिसतें. माध्यान्हीं तें दिसत नाहीं. म्हणून येथें शेवटीं यावें. एक खांब निवडून त्याचें चित्र वहींत काढावें. अर्धा तास मुलांना गप्प बसवितां येणार नाहीं, असें पालकांना वाटेल. पेन्सिल हातीं देऊन पाहावें.

आपलें कर्तव्य

आतां जें सांगावयाचें त्यासाठींच वरील सर्व लिहिलें. बाळापूरचा किल्ला व छत्री हीं दोन्ही केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्यानें संरक्षित केलेलीं स्मारकें आहेत. परंतु वीट ही नाशवंत वस्तु आहे. जमिनींतील खारें पाणी भिंतींत वर चढतें, उन्हानें सुकतें, आणि मागें राहिलेलें मीठ विटेचे पापुद्रे काढतें. यासच आपण लोणा लागणें म्हणतों. पक्ष्यानें टाकलेलें पिंपळाचें बीं फटींत रुजतें व त्याचें मूळ चार वर्षांत भिंत फोडतें. पूर येतात व पाया उघडा पाडतात. या तिन्ही शत्रूंशीं लढण्यास पैसा, ज्ञान व कायमची निगा लागते. एका शाळेच्या मुलांच्या हातून तें होणारें नाहीं.

परंतु चौथा शत्रु आपल्या हातांतला आहे, कारण तो म्हणजे आपला हातच. खिळ्यानें भिंतीवर आपलें नांव कोरणारा, कोनाड्यांत कागद व बाटल्या टाकणारा, सैल झालेली वीट आठवण म्हणून उचलून नेणारा मनुष्य परका नसतो; तो आपल्यासारखा एक दिवसाच्या सहलीसच आलेला असतो. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. तथापि शिक्षेच्या भयापेक्षां विचार अधिक बलवान असावा. एका मुलानें एक वीट नेली तर किल्ल्याचें काय जातें, असें वाटेल. पण येणाऱ्या प्रत्येक मुलामागें एक वीट असा हिशेब गणिताच्या तासास करून पाहावा. तीनशें वर्षांनीं काय उरेल तें दिसेल. आपल्या आधींच्या पिढ्यांनीं तो हिशेब चुकता केला असता, तर आज आपल्याला पाहावयास कांहींच राहिलें नसतें.

पालकांस विनंति एवढीच कीं, पुढील दिवाळीच्या सुटींत एक दिवस मुलांसाठीं मोकळा ठेवावा, व त्यांना बाळापुरास न्यावें. ज्यांना अचलपूर, कारंजा, नरनाळा किंवा लोणार जवळ असेल त्यांनीं तेथें न्यावें, रीत तीच. प्रथम नदी अगर डोंगर, मग भिंत, मग साल, मग माणसें, आणि सर्वांच्या शेवटीं शांतपणें बसून एक चित्र. ज्या मुलानें आपल्या तालुक्यांतील एक जुनी भिंत अशी पाहिली, तें पुढें दिल्लीस गेलें तर दिल्लीही नीट पाहील. आणि न गेलें, तरी आपल्या पायाखालची भूमि निमूट व रिकामी आहे असें तें पुनः म्हणणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, सहलीहून परत आल्यावर वहींतील टिपणें स्वच्छ लिहून काढा, तीं आपल्या आजोबाआजींना वाचून दाखवा, आणि त्यांना त्यांच्या गांवाची वेस, विहीर व देऊळ यांविषयीं विचारा. जें ते सांगतील तेंही त्याच वहींत लिहा. वऱ्हाडच्या पुष्कळ गांवांचा इतिहास अजून लिहावयाचा आहे, व तो लिहिण्यास लागणारी सामग्री तुमच्या घरांत, ओट्यावर बसलेली आहे.